दम्याचा अर्ज

या वार्षिकाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा भाषेची चिंता करू नये, ती आम्ही सुधारून घेऊ, असे त्यांनी नम्रपणे सुचवले. मीही तितक्याच नम्रपणे कळवले की, या जिल्ह्यातील अनेक अधिकाऱ्यांनी माझी भाषा वर्षानुवर्षे वाचलेली आहे, त्यांपैकी कित्येकांनी तिच्याखाली मंजुरीच्या सह्या केलेल्या आहेत, आणि ती सुधारण्याची गरज एकालाही भासलेली नाही. तेव्हा पुढील मजकूर जसा आहे तसाच छापला जाईल, अशी अपेक्षा बाळगतो.

मी अर्ज लिहितो. रत्नागिरीत कचेरीच्या आवाराबाहेर, जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे बुटक्या दगडी कुंपणाला, लागून माझी बैठक आहे. एक उतरते लाकडी मेज, एक पेटी, माझ्यासाठी गादी आणि अर्जदारासाठी स्टूल. पावसाळ्याचे चार महिने समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पडवीत बसतो. शिक्षण सातवीपर्यंत, त्यापुढचे जे काही आहे ते या बैठकीने शिकवले. काही वर्षांपासून शेजारी दोन पदवीधर टंकलेखन यंत्रे घेऊन बसू लागले आहेत. त्यांचे अर्ज स्वच्छ दिसतात, यात वाद नाही. परंतु ज्याचे काम खरोखर अडलेले असते तो माणूस त्या यंत्रांचा खडखडाट ओलांडून माझ्या स्टुलावर येऊन बसतो. सगळे मला तात्या म्हणतात. कचेरीतील शिपाईदेखील म्हणतात, आणि शिपाई ज्याला मान देतो त्याचा कागद सहसा तळाशी जात नाही.

ज्यांना या व्यवसायाची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. अर्ज म्हणजे विनंती, असा लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. अर्ज म्हणजे सबब. विनंती एका ओळीत संपते: रजा द्यावी, बदली करावी, हलके काम द्यावे. ती साहेब वाचत नाही, कारण ती त्याला आधीच ठाऊक असते. तो वाचतो सबब. ती अशी असावी लागते की नाकारताना साहेबाला अवघड वाटले पाहिजे, आणि मंजूर केल्यावर वरच्या साहेबाला दाखवता आली पाहिजे. ही दोन्ही कामे एकदम करणारी गोष्ट या जगात एकच आहे, आणि ती म्हणजे शरीराचा आजार.

माझ्याकडे त्याची एक वहीच होती. कोणत्या खात्यात कोणता आजार चालतो, याची मी अनुभवाने नोंद ठेवलेली होती. शिक्षकाला घसा, कारकुनाला पाठ, पोलिसाला गुडघे, बंदरावर काम करणाऱ्याला कान. मूळव्याध सर्व खात्यांत चालते, कारण तिचा पुरावा कोणी मागत नाही. दमा तर फारच गुणी आजार. तो येतो आणि जातो, त्यामुळे तपासणीच्या दिवशी नसला तरी कोणी त्याला खोटा म्हणू शकत नाही.

मनाची व्यथा त्या वहीत नव्हती. आमच्या गावात मनोरुग्णांसाठी मोठे इस्पितळ आहे. लोक तेथून बरे होऊन घरी जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. तरीदेखील त्या भिंतीच्या नावाने एकमेकांची थट्टा करण्याची आमची जुनी सवय सुटत नाही. त्यामुळे 'मन' हा शब्द अर्जात आला की अर्जदाराची नोकरी राहील, पण हसे होईल, असे माझे ठाम मत होते. स्टुलावर बसलेला माणूस "तात्या, कामावर जायला पाय उचलत नाय" असे म्हणाला की मी ताबडतोब विचारीत असे, "कोणता पाय, डावा की उजवा?"

खाडीपलीकडच्या एका शाळेतील गुरुजी असेच आले होते. वर्गात उभे राहिले की अंग थरथरते, फळ्याकडे पाठ करवत नाही, मुलांकडे तोंड करवत नाही, असे ते सांगत होते. त्यांचे मुख्याध्यापक रोज वर्गाच्या खिडकीत येऊन उभे राहत आणि काही न बोलता निघून जात. मी निम्मे ऐकले आणि पायांच्या शिरा सुजल्याचा अर्ज लिहिला. अर्ज इतका सुरेख झाला की आठवड्यात मंजुरी आली. वर्गात बसून शिकवण्यासाठी गुरुजींना एक खुर्ची मिळाली. पुढे ते भेटले तेव्हा मी अभिमानाने विचारले, "काय गुरुजी, खुर्ची आली ना?" ते म्हणाले, "आली हो. आता बसून थरथरतो." त्या वेळी मी हसलो होतो. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडल्याचे कळले. कुठे गेले, ते कळले नाही. अर्ज लिहिणाऱ्याला अर्जाचा शेवट बहुधा कळतच नाही. कागद आत जातो, माणूस आपल्या वाटेने जातो, आणि स्टुलावर दुसरा येऊन बसतो.

आता मुख्य प्रकरणाकडे वळतो.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षे झाली असतील. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्या वेळी कोळंबी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना जोरात चालला होता. बाया कोळंबी सोलायच्या, पुरुष ती धुवून, गोठवून, खोक्यांत भरून थंड खोलीत रचायचे. थंड खोली म्हणजे सामान्य वाचकाने काय समजावे? एका मोठ्या माजघराएवढी जागा, खिडकी नाही, भिंती हातभर जाड, आणि आत इतकी थंडी की ओला हात लोखंडाला लावला तर कातडे चिकटून राहते. दरवाजा बँकेच्या तिजोरीसारखा. तो बाहेरून खटक्याने उघडतो आणि आतून एक लोखंडी दांडा ढकलून. दिव्याचे बटण बाहेर.

या खोलीत काम करणारा दत्ताराम एका सकाळी माझ्याकडे आला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा गडी. पूर्वी मुंबईत एका गोदामात होता. म्हातारे वडील एकटे पडले म्हणून परत आला होता. कारखान्यात दोन वर्षे हंगामी राबल्यावर त्याच पाडव्याला त्याला कायम केले होते. त्यांच्या वाडीत कायम नोकरी असलेला तो एकटाच.

स्टुलावर बसून तो म्हणाला, "तात्या, त्या थंड खोलीच्या दरवाजाचं जरा..."

मी त्याला थांबवले. "काय हवे ते आधी सांग. रजा, बदली, की हलके काम?"

"हलकं म्हंजे... त्या खोलीत नको. भायर कुटंपन घाला, धुवायला घाला, चालंल."

"सबब?"

"सबब काय नाय ओ. एकदा आत असताना दरवाजा लागला व्हता. तवापासून..."

"दरवाजा लागणे हा आजार नव्हे," मी म्हणालो. "थंडीत छाती भरून येते का?"

"थंडीत सगळ्यांचीच येते."

"म्हणजे दमा," मी म्हणालो आणि दौतीत लेखणी बुडवली.

तो अर्ज मी मन लावून लिहिला, हे आजही सांगतो. 'अर्जदारास थंड हवा सोसत नसून श्वास कोंडतो, व त्यामुळे कंपनीच्या मौल्यवान मालाची हेळसांड होण्याचा संभव आहे,' असे एक वाक्य त्यात होते. अर्जदाराची अडचण साहेबाच्या नुकसानीशी जोडणे, ही या विद्येतील वरची पायरी आहे. दत्तारामाने ओळीखाली बोट ठेवून हळूहळू सही केली आणि तो गेला. दरवाजाचे पुन्हा काही बोलला नाही.

आठ-दहा दिवसांनी एक बाई आली. आली ती स्टुलावर न बसता उभीच राहिली आणि एक लिफाफा तिने माझ्या मेजावर ठेवला. ही दत्तारामाची बायको सुलोचना. तीही त्याच कारखान्यात कोळंबी सोलायला जात असे; बोटे पाण्याने पांढरी पडलेली.

पत्र व्यवस्थापकांचे होते. 'आपण आपल्याच अर्जात नमूद केल्याप्रमाणे आपणास थंड हवा सोसत नाही. या कारखान्यातील प्रत्येक विभाग थंड आहे. सबब आपण येथील कोणत्याही कामास अपात्र आहात असे का समजू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.'

पत्र उत्तम लिहिलेले होते, हे मान्य केले पाहिजे. 'सबब' हा शब्द तर माझ्याच अर्जातून उचलून माझ्यावर फेकलेला होता.

"तात्या, ह्यांना दमा नाय हे तुमाला म्हाईत व्हतं?" सुलोचनाने विचारले.

"होते."

"मंग काय झालंय ते म्हाईत व्हतं?"

"ते मी विचारले नव्हते."

"मंग लिवलंत काय तुमी?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी शेजारची दोन्ही यंत्रे थांबली. "सोलायला बसलेल्या सगळ्या बाया मला विचारतायत, नवरा रातचा खोकतो काय गं. एवढा धडधाकट माणूस, गावात दम्याचा करून ठेवलात. नोकरी गेली तर मुंबईचं गोदामबी आता कोन परत घेनार नाय. सासऱ्यांना काय सांगू, कागदावर अक्षर चांगलं व्हतं म्हनून?"

मी तिला धीर दिला, आणि ती गेल्यावर स्वतः विचार करू लागलो. पहिला विचार असा की डॉक्टरांचा दाखला आणावा आणि दमा नसल्याचे कळवावे. पण मग अर्ज खोटा ठरतो, आणि खोट्या अर्जाबद्दलही नोकरी जाते. दमा आहे म्हटले तर माणूस अपात्र, नाही म्हटले तर लबाड. हा फास मीच विणला होता, आणि माझ्या वहीतील कोणताही आजार तो सोडवू शकत नव्हता. असा प्रसंग माझ्यावर पूर्वी आला नव्हता. आला असेल तर कोणी परत येऊन मला सांगितले नव्हते.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दत्तारामला बोलावून घेतले. लेखणी पेटीत ठेवली, झाकण लावले आणि म्हणालो, "आता दरवाजाचे सांग."

त्याने सांगितले ते असे. एका दुपारी तो खोके रचायला आत गेला होता. बरोबरचा माणूस खोके आणायला बाहेर गेला, जाताना दरवाजा लोटला गेला, आणि तेवढ्यात वसाहतीची वीज गेली. आतल्या दांड्यावर बर्फ धरलेला होता. तो हलेना.

"थंडी काय करते, तात्या? थंडीची सवय हाय. काळोखाची बी हाय, आमच्या वाडीत दिवे परवा आले. पन मशिन थांबलं ना, त्या खोलीत एकदम काय म्हंजे काय ऐकू येईना. मी हाक मारली. ती हाक माझ्याच तोंडाशी पडली. पुढं गेलीच नाय. दुसरी मारली, तीबी तशीच. मंग मला वाटलं, मी हाक मारतोय काय नुसतं तोंड उघडतोय?"

"किती वेळ?"

"ते म्हनतात पंधरा मिंटं. मला म्हाईत नाय. मी खाली बसलो व्हतो."

त्यानंतर रोज कामावर जाताना मिरजोळ्याचा चढ आला की तो रस्त्याच्या कडेला थांबत असे. खोलीत शिरताना तो तोंडाने काहीतरी आवाज करीत राहत असे, आपला आवाज ऐकू येतो की नाही हे पाहण्यासाठी. बरोबरचे लोक हसत. घरी जेवताना पाट दाराकडे तोंड करून मांडू लागला होता, हे सुलोचनेने मला आधीच सांगितले होते.

"हे साहेबांना सांगितलेस?"

"सुपरवायझरला दांड्याचं सांगितलं व्हतं. ते म्हनाले, लेखी दे. म्हनून तर तुमच्याकडं आलो व्हतो."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. तो माझ्याकडे दरवाजाचाच अर्ज लिहायला आला होता, आणि मी त्याला दमा देऊन पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी मी कासमभाईंना निरोप धाडला. कासमभाई पूर्णगडचे, उमेदीची वर्षे जहाजावर खलाशी म्हणून काढलेली, आखातात जाऊन आलेले, आणि आता त्या थंड खोलीतील सर्वांत जुने कामगार. संध्याकाळी आले, स्टूल पाहून म्हणाले, "मी अर्जदार नाही. मी गडग्यावरच बसतो."

त्यांच्याकडून मला खोलीची एक रीत कळली. आत जाताना कोणीतरी आपला एक गमबूट दरवाजाच्या फटीत अडकवून ठेवायचा आणि एका पायावर पोते गुंडाळून काम करायचे. ही रीत कोणी ठरवलेली नव्हती, कोणी तिचे कारणही कधी बोलले नव्हते. गेल्या हंगामात मात्र खोलीची थंडी बाहेर जाते म्हणून दरवाजावर पाटी लागली: फटीत वस्तू अडकवणाऱ्यास समज देण्यात येईल. बूट बंद झाला, आणि दोनच महिन्यांत दत्ताराम आत अडकला.

"म्हणजे सगळेच भीत होते," मी म्हणालो.

"कोण म्हणतो भीत होते?" कासमभाई म्हणाले. "बूट ओला असायचा, वाळायला ठेवायचो."

त्या खोलीत पाळीपाळीने काम करणारे नऊ जण होते. एका रविवारी कासमभाईंनी त्या सर्वांना माझ्या बैठकीवर आणले. सर्वांच्या सहीचा अर्ज करावा, अशी माझी योजना होती. मी एकेकाला विचारले. पहिला म्हणाला, "मला भीती नाय, पन दत्तारामसाठी सही करतो." दुसरा म्हणाला, "मला कसली भीती? दत्तारामसाठी." तिसरा, चौथा, पाचवा, सर्वांचे उत्तर तेच. दत्ताराम मध्ये उभा होता आणि त्याची मान खाली खाली जात होती. आठ शूर माणसे एका भित्र्याला मदत करायला आली आहेत, असे ते चित्र झाले. असा अर्ज गेला असता तर दत्तारामाचे उरलेसुरले हसे झाले असते.

तेव्हा कासमभाई गडग्यावरून उतरले आणि स्टुलावर बसले.

"लिहा, तात्या. माझं नाव पहिलं लिहा. कासम, वय अठ्ठावन्न. दर्यात दोनदा बुडता बुडता वाचलो. या खोलीत शिरताना मनात दुआ म्हणतो. बूट मी वाळायला ठेवत नव्हतो."

मग पहिला म्हणाला, "मंग माझं बी तसंच लिवा." आणि एकाने विचारले, "माझं लिवा, पन सासऱ्याच्या कानावर जायला नको, ते चालंल?" त्यावर सगळे हसले. दत्तारामही हसला. मी त्याला प्रथमच हसताना पाहिले.

अर्ज लिहायला मला तीन दिवस लागले. पहिला खर्डा भरदार झाला. त्यात 'भीतीग्रस्त मनोवस्था' होती. वाचून पाहिला, तर तो नऊ माणसांचा न वाटता माझाच वाटला. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी मी ज्या शब्दांत ऐकले त्याच शब्दांत लिहिले. शेवटी एक कठीण परिच्छेद उरला. खरेदीखताखाली लिहिणाऱ्याचे नाव असते, पण अर्जात ते कधीच नसते. अर्ज लिहिणारा अदृश्य राहतो, हा आमच्या व्यवसायाचा पाया आहे. तो पाया मी त्या दिवशी मोडला. मजकूर मला अजून पाठ आहे:

'पूर्वीच्या अर्जात दमा असे लिहिले आहे. अर्जदारास दमा नाही. अर्जदार दरवाजाबद्दल सांगत असता अर्जलेखकाने ते ऐकून न घेता दमा असे लिहिले. सदर चूक अर्जलेखकाची असून त्याचे नाव खाली दिले आहे. खरे कारण भीती हे आहे. आत अडकल्यास हाक बाहेर जात नाही. दांडा बर्फाने बसतो. ही भीती एकट्या दत्तारामास नसून खाली सही करणाऱ्या सर्वांस आहे. आत घंटा द्यावी, दिव्याचे बटण आतही द्यावे, खोलीत एकट्यास पाठवू नये, आणि दांडा रोज तपासावा. काम करण्यास आम्ही तयार आहोत.'

एवढेच. एकही अलंकार नाही. माझ्या आयुष्यातील हा सर्वांत साधा अर्ज, आणि माझे नाव असलेला एकमेव.

अर्ज दिल्यापासून तिसऱ्या दिवशी बोलावणे आले: अर्जदारांनी यावे, आणि अर्जलेखकानेही. मी धुतलेले धोतर आणि काळा कोट घालून मिरजोळ्याला गेलो. व्यवस्थापक दिघेसाहेब पुण्याकडचे, चाळिशीचे, डोळ्यांखाली काळे झालेले. थंड खोलीच्या दरवाजापुढेच उभे होते. नऊही जण भिंतीला लागून उभे.

"अहो, बारा वर्षं मी अशा खोल्या चालवतोय," ते मला म्हणाले. "भीती हे कारण मी वर काय म्हणून कळवू? उद्या एखादा म्हणेल, मला कोळंबीची भीती वाटते."

"साहेब, कोळंबी बाहेरून खटका लावत नाही," कासमभाई म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. आत थंडी एका अंशानं चढली तर सकाळी मुंबईहून मला ट्रंक कॉल येतो. मला कुठं झोप लागते? मी अर्ज करतो का?"

"मग तुमचंही नाव घालू का साहेब? जागा ठेवली आहे खाली," कासमभाई गप्प न बसता म्हणाले.

नऊ जण जमिनीकडे पाहू लागले; हसू दाबण्याची ती एक पद्धत आहे. दिघेसाहेबांनाही किंचित हसू आले आणि त्यांनी ते लगेच आवरले. ते म्हणाले, "दत्ताराम, तू जवान माणूस. पाच मिनिटं आत उभा राहा. काही होत नाही, हे तुझं तुलाच कळेल."

दत्तारामचा चेहरा मी पाहिला. तो जाणार होता, कारण नोकरी त्या दरवाजाच्या आत होती. पण त्याचे हात आधीच मांडीला घट्ट लागले होते.

"मी जातो," मी म्हणालो. "अर्जात माझे नाव आहे. मला दमा नाही आणि भीतीही नाही. आपण दिवा बंद करावा, आणि मशीनही. त्या दिवशी होते तसे."

हे मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हणालो. सभांमध्ये बोललेला, साहेबांपुढे वाचलेला माणूस मी. एका खोलीचे काय ते कौतुक? कासमभाईंनी मला त्यांचा जाड कोट चढवला. दरवाजा लागला, दिवा गेला, मशीनची घरघर थांबली.

वेळ जावा म्हणून मी अर्जाची सुरुवात मोठ्याने म्हणायचे ठरवले. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' एवढे म्हणालो आणि थांबलो. दत्ताराम म्हणाला होता तसेच झाले. आवाज तोंडाबाहेर पडला आणि तिथेच संपला. मी पुन्हा म्हणालो. ज्या आवाजावर कचेरीतला शिपाई मान वर करतो तो आवाज मलाच ऐकू आल्यासारखा वाटेना. मग मी दांडा चाचपला. तो सरकेना. दोन्ही हातांनी ढकलला. नाही. मी कासमभाईंना हाक मारली. त्यानंतर कोणाचे नाव न घेता हाक मारली. त्यानंतर काय केले ते लिहिण्याची आवश्यकता नाही. दरवाजा उघडला तेव्हा माझ्या दोन्ही मुठी वर होत्या.

चष्म्यावर धुके धरल्याने समोरचे कोणी दिसत नव्हते. मी विचारले, "किती झाली? पंधरा मिनिटे?"

"तीन," दिघेसाहेबांचा आवाज आला.

कोणी हसले नाही. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "साहेब, दांडा सरकत नाही. हे सांगायला हा मनुष्य सुपरवायझरकडे गेला होता, आणि नंतर माझ्याकडे. आम्ही दोघांनीही ऐकून घेतले नाही. यापलीकडे माझ्याकडे सबब नाही."

दिघेसाहेबांनी हातातले कागद कासमभाईंकडे दिले, दरवाजा उघडाच ठेवायला सांगितला, आणि आत जाऊन दांड्यावर जोर लावला. एकदा लावला, दुसऱ्यांदा खांद्याने लावला. बाहेर आले तेव्हा तळहाताकडे पाहत होते.

"घंटा कुठं बसवायची?" त्यांनी विचारले. माझ्याकडे नव्हे, दत्तारामकडे पाहून.

दत्ताराम उंबरठ्यापर्यंत गेला. आत एक पाय टाकला, वाकला, आणि दरवाजाजवळच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला हात ठेवला.

"हितं, साहेब. मानूस खाली बसलेला असला तरी हात पोचंल असं."

घंटा त्याच उंचीवर बसली. बटण आत आले, दांड्याचा बर्फ सकाळ-संध्याकाळ काढण्याचे काम एकाच्या नावावर लावले गेले, आणि दोघांशिवाय कोणी आत जायचे नाही असे लेखी निघाले. दत्तारामला महिनाभर बाहेर धुण्याच्या टाकीवर ठेवले, आणि नंतर त्याने स्वतःहून, कासमभाईंबरोबर, खोलीत जायला सुरुवात केली. नोकरी राहिली. सुलोचना गणपतीत मोदक घेऊन आली आणि म्हणाली, "तात्या, बायांना सांगितलं मी, दमा बरा झाला."

दम्याचा तो अर्ज दिघेसाहेबांनी मला परत पाठवला, वर काहीही शेरा न मारता. माझ्याजवळ माझ्या स्वतःच्या लिखाणाची ही एकच प्रत आहे, कारण आम्ही नक्कल ठेवत नाही. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे. लेखणी काढताना रोज दिसते. आजारांची वही अजून आहे, आणि ती मी टाकून दिलेली नाही, कारण खरोखरीचे गुडघे आणि खरोखरीची मूळव्याधही जगात असते. परंतु आता "सबब काय?" हा प्रश्न मी शेवटी विचारतो. आधी माणसाला बोलू देतो. त्यामुळे दिवसाला पूर्वीपेक्षा कमी अर्ज होतात, आणि शेजारच्या यंत्रांना त्याचा लाभ होतो. होऊ द्यावा. त्या गुरुजींना पत्र लिहावे असे अनेकदा मनात येते, पण पत्ता नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका कामासाठी मी मिरजोळ्याला गेलो होतो. कारखान्याच्या मागच्या बाजूने जात असता दार उघडे दिसले म्हणून क्षणभर थांबलो. थंड खोलीचा दरवाजा बंद होता. बाहेर एक नवा, मला अनोळखी माणूस खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत बसला होता. आतून घंटेचा एक ठोका आला. त्या माणसाने मान वरदेखील केली नाही. डावा हात मागे नेऊन दरवाजावर दोनदा थाप मारली आणि पुढची चिठ्ठी उचलली.

मी त्याला विचारले, "आत कोणी अडकले आहे काय?"

"नाय ओ," तो म्हणाला. "आत गेलं की मधनंमधनं एकदा वाजवायची, भायरच्यानं दोन थापा मारायच्या. अशी रीत हाय इथली."

"कोणी पाडली?"

"काय म्हाईत. पयल्यापासून हाय."

आतून पुन्हा एक ठोका येईपर्यंत तिथे उभा राहिलो, त्याने पुन्हा दोन थापा मारल्या, आणि मग मी माझ्या कामाला गेलो.